कॅम्पिंगला वेळ नाही? रोज पंधरा मिनिटं घरीच हात बसवा

कॅम्पिंग म्हटलं की लोक आधी सामानच बघत बसतात, मग खर्च बघून बेतच बारगळतो. अहो, एक ताडपत्री, दहा-बारा मीटर दोरी, धारदार चाकू आणि काडेपेटी एवढ्यावर कोरड्या हवेत एक रात्र आरामात निघते, फक्त हाताला सवय पाहिजे आणि ती घरीच लागते.

पहिले तीन दिवस एकच गाठ. दोरी खुर्चीच्या पायाभोवती फिरवून परत आणा, टोकाने ताणलेल्या दोरीवर पायाच्या बाजूला दोन वेढे घाला, मग तुमच्या बाजूला त्याच दिशेने तिसरा वेढा घालून टोक त्याखालून ओढून घट्ट करा. ही गाठ हाताने सरकते पण ताण बसला की जागची हलत नाही, ताडपत्री सैल पडली की नुसती सरकवायची.

मग जाळ, खरी कसोटी इथेच. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, गाठी नसलेली सुकी काठी घ्या, एक टोक फळीवर टेकवा आणि चाकूचं पातं जवळजवळ आडवं ठेवून वरून खाली पातळ ढलपी सोलत न्या पण टोकापर्यंत तोडू नका, ती तिथेच कुरळी होऊन राहिली पाहिजे, काडी लावली की आधी तीच पेट घेते. काठी जराशी फिरवा, पुन्हा सोला. पहिल्या दहा-बारा ढलप्या तुटणारच, तुटू द्या, त्याही जाळायला कामी येतात. चाकू कायम अंगापासून लांब चालवा आणि मांडीवर ठेवून तर कधीच नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी असते.

सगळं ओलं असेल तर जमिनीवरचं लाकूड सोडा, झाडात अडकलेली मेलेली फांदी बघा, कडकन मोडली तर घ्या, वाकली तर राहू द्या. ती उभी चिरली की आतून बहुतेक कोरडीच निघते. काडी ओढायच्या आधी सगळं हाताशी हवं, आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, आणि वाटतं त्याच्या दुप्पट गोळा करा, कारण जाळ विझतो तो बहुतेक वेळा बारीक काटक्या संपल्यामुळेच.

झोपताना अंगावरच्यापेक्षा अंगाखालचं महत्त्वाचं, जमीन सगळी ऊब ओढून घेते, म्हणून खाली सुक्या पानांचा जाड थर.

आग लावायला परवानगी आहे का हे निघायच्या आधी विचारा, आणि उठताना पाणी ओता, राख ढवळा, परत ओता, राख हाताला गार लागली की मगच निघा.