पावसाळाभर उभा राहिलेला लॉन ट्रॅक्टर असा चालू केला

गुहागरला समुद्राच्या काठाला आमचं छोटं रिसॉर्ट आहे, तिथला गवत कापायचा, बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर जूनपासून शेडमध्येच होता, ऑक्टोबरात स्टार्ट मारला तर नुसतं टक् टक्. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरं साचलेलं, खारी हवा दुसरं काय. वायरी सोडवून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून घासलं, कोरडं करून ग्रीस लावलं, इंजिन फिरलं. पण धरेना, चोक (थंड इंजिनाची हवा कमी करणारी झडप) उघडला की बंद! पेट्रोल चार महिन्यांचं, त्यात इथेनॉल, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. सगळं काढून टाकलं, कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बाऊल, म्हणजे पेट्रोल साठायची वाटी, उघडला तर तळाला चिकट थर आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा भाग, बुजलेला, क्लीनर मारून तांब्याच्या बारीक तारेने अगदी हळू मोकळा केला, भोक मोठं झालं की जेट कामातून जातो. नवं पेट्रोल, नवा प्लग, आणि पहिल्या झटक्यात चालू!!

ब्लेडला हात लावायच्या आधी प्लगची वायर काढाच, प्लीज. डेकखालचं (ब्लेडवरच्या झाकणाच्या आतलं) सुकलेलं गवत खरवडलं, ब्लेडला कानस मारून मधल्या भोकात खिळा घालून तोल बघितला. ऑईल ५० तासांनी बदलतो. आता मे संपला की टाकी रिकामी करूनच ठेवणार.