ग्लुकोज सेन्सर आणि स्मार्टवॉच: रुग्णाची काळजी घेताना या चुका टाळा

घरात मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असला की हल्ली दंडावर ग्लुकोज सेन्सर आणि मनगटावर स्मार्टवॉच दिसतेच. झोपेत साखर उतरल्याचे पूर्वी कुणाच्या लक्षातही येत नसे. आता तिचा इशारा मिळतो, हा मोठाच फायदा आहे. मात्र उपकरण नेमके काय मोजते हे माहीत नसेल, तर निर्णय चुकतात.

सर्वाधिक गोंधळ सेन्सरबाबत होतो. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना त्याचा आकडा ग्लुकोमीटरच्या (बोट टोचून रक्तातील साखर मोजणाऱ्या यंत्राच्या) काही मिनिटे मागे असतो. जेवणानंतर दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून सेन्सर बिघडला असे समजू नये. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्यास तो दबतो आणि साखर ठीक असतानाही पडद्यावर 60 दिसू शकते. तेव्हा कूस बदलून बोट टोचून खात्री करावी. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे असतील, तर मात्र खात्री करण्यात वेळ न घालवता, गिळता येत असल्यास 15 ग्रॅम ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा. खरी चूक पुढे होते: ग्लुकोज देऊनही सेन्सर कमीच दाखवतो म्हणून घाबरून पुन्हापुन्हा साखर भरवली जाते आणि तासाभरात ती 250 च्या वर जाते. 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहूनच पुढचे ठरवावे.

न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणे तर धोक्याचेच. अशा घड्याळांविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये इशारा दिला होता.

स्मार्टवॉचचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाचे विद्युत संकेत तो एकाच कोनातून टिपतो. अनियमित ठोके ओळखण्यास त्याची मदत होते, पण हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. म्हणून छातीत दुखत असताना ‘घड्याळात सगळे नॉर्मल आहे’ असे म्हणत घरी बसू नये. ऑक्सिजनचा आकडा अचानक घसरलेला दिसला, तर आधी सैल पट्टा आणि गार पडलेला हात तपासावा. धाप लागली असेल, तर आकडा कसाही असो, डॉक्टरांना गाठावे.

डॉक्टरांना रोज स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा जेवण आणि इन्सुलिनच्या वेळा ॲपमध्ये नोंदवून 14 दिवसांचा अहवाल दाखवावा, आणि अलार्मच्या मर्यादाही त्यांनाच विचारून ठरवाव्यात. आईवडील एकटे राहत असतील, तर इशारे केवळ परदेशातल्या मुलाच्या फोनवर जाऊन उपयोग नाही. घराची किल्ली ज्या शेजाऱ्याकडे आहे, त्याचाही क्रमांक त्या यादीत हवा.