येऊरच्या पायवाटेवरच्या विष्ठेतला पट्टकृमी नेमका कोणता?

ठाण्याजवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या पायवाटेवर किंवा ऐरोली-वाशीच्या कांदळवनाकडेला विष्ठा सापडली आणि तिच्यात पट्टकृमीचं अंडं दिसलं, तरी दोन प्रश्न उरतात: विष्ठा कुणाची आणि अंडं कुणाचं? नुसत्या मायक्रोस्कोपवर यांतल्या एकाचंही पक्कं उत्तर मिळत नाही. मोकाट कुत्रे जंगली प्राण्यांच्याच वाटा वापरतात. शिवाय टीनिया आणि एकायनोकॉकस या पट्टकृमींची अंडी दिसायला अगदी सारखी असतात: तपकिरी, गोल, ३० ते ४० मायक्रॉनची, जाड रेघाळ कवचाची. म्हणून दोन्ही नावं डीएनएवरूनच ठरवावी लागतात.

आधी जिवाची काळजी. एकायनोकॉकसचं अंडं माणसाच्या पोटात गेलं तर यकृतात किंवा फुफ्फुसात हायडॅटिड (पाणी भरलेल्या) गाठी होतात. अल्कोहोलने ही अंडी खात्रीने मरत नाहीत, घरच्या फ्रीजरच्या उणे २० अंशांतही नाहीत. त्यामुळे ग्लोव्हज आणि मास्क लावूनच नमुना उचलायचा आणि उघडण्याआधी उणे ८० अंशांवर आठवडाभर ठेवायचा. ही पायरी घाईत गाळू नका. राष्ट्रीय उद्यानात विष्ठा उचलायलाही वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. मेलेला प्राणी दिसला तर हात न लावता १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

गोळा करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात विष्ठा धुऊन जाते, उरते तिच्यातला डीएनए ओलाव्याने लवकर तुटतो. कांदळवनात भरतीची वेळ बघूनच जा आणि पाणी पोहोचतं त्या रेषेच्या वरचाच नमुना घ्या. यजमान प्राण्याच्या आतड्यातल्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थरावर असतात. तिथून कोरड्या स्वॅबने पुसून तो वेगळ्या नळीत ठेवा. अंड्यांसाठी मात्र आतून, चार-पाच जागांवरून मिळून ५ ते १० ग्रॅम घ्या. त्यातला एक भाग चौपट ९५ टक्के इथेनॉलमध्ये, उरलेला कोरडाच. नळी गच्च भरली की इथेनॉल पातळ होऊन नमुना कुजतो. लेबल पेन्सिलने लिहून नळीच्या आतही टाका, कारण इथेनॉल सांडलं की मार्करची शाई पुसली जाते.

विष्ठेत कृमीच्या अंगाचा पांढरा तुकडा दिसला तर नशीबच, कारण त्यात डीएनए भरपूर असतो. सलाइनने धुऊन त्याला स्वतंत्र कुपीत, इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मालिन नको, त्याने डीएनए खराब होतो. काकडीच्या बीसारखा, दोन्ही कडांना एकेक छिद्र असलेला तुकडा बहुधा डिपिलिडियम या कुत्र्यांतल्या पट्टकृमीचा. एकाच कडेला छिद्र असेल तर टीनियाचा संशय.

अंडी तरंगवायला साखरेचं द्रावण चांगलं: ३५५ मिली पाण्यात ४५४ ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवली की विशिष्ट घनता साधारण १.२७ येते. हायड्रोमीटरने ती तपासाच. पातळ द्रावणात जड अंडी तळाशीच राहतात आणि नमुना उगाच ‘निगेटिव्ह’ ठरतो. कोरड्या भागातली २ ग्रॅम विष्ठा पाण्यात कालवून गाळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ओता, गाळात द्रावण घालून पुन्हा फिरवा आणि वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून १० मिनिटं थांबा. स्पायरोमेट्रा या आणखी एका पट्टकृमीची झाकण असलेली अंडी तरंगतीलच असं नाही, म्हणून वेगळा साधा गाळही बघावा.

कव्हरस्लिपवरची अंडी पाण्याने धुऊन आधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, मग २० च्या जाळीवर अडवा. साखर आणि विष्ठेतली घाण इथेच बरीच निघून जाते. कवच चिवट असतं. डीएनए काढायच्या किटचं नुसतं द्रावण घातलं तर डीएनए बाहेरच येत नाही. बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून कवच फोडा आणि प्रोटिनेझ के हे प्रथिनं विरघळवणारं एन्झाइम घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा.

पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याला) कॉक्स-१ जनुकाचे जेबी३ आणि जेबी४.५ हे प्रायमर, म्हणजे तो तुकडा हेरणारे छोटे डीएनए, घ्या. जेलवर या प्रतींचा पट्टा सुमारे ४४० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) येतो. पट्टा आला नाही म्हणजे कृमी नाही, असा निष्कर्ष काढू नका. विष्ठेतले घटक पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात. डीएनए दहापट पातळ करून, बीएसए (हे अडथळे कमी करणारं प्रथिन) घालून पुन्हा लावा. डीएनए काढतानाचा रिकामा नमुना (विष्ठा न घातलेला) आणि पीसीआरचा रिकामा नमुना (डीएनए न घातलेला), दोन्ही प्रत्येक खेपेला हवेतच. त्यांत पट्टा दिसला तर अख्खी खेप बाद.

मिळालेल्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं) दोन्ही बाजूंनी करा. त्याच्या आलेखात एका जागी दोन शिखरं वारंवार दिसली तर बहुधा दोन कृमींचं मिश्रण आहे. एकेक अंडं किंवा तुकडा घेऊन पुन्हा करा. जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहाशी पूर्ण लांबीत ९८-९९ टक्के जुळलं तर प्रजातीचं नाव लिहायला हरकत नाही. ९० च्या आसपास असेल तर प्रजात लिहू नका, फार तर कुळापर्यंत थांबा. स्वॅबवरून यजमानाची ओळखही याच पद्धतीने, सस्तन प्राण्यांच्या सायटोक्रोम-बी जनुकाच्या प्रायमरने करा.

आता सगळ्यात फसवा भाग. इथले बिबटे कुत्रे खातात. बिबट्याच्या विष्ठेत डिपिलिडियम सापडला तर तो खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यातून नुसता पुढे सरकलेला असू शकतो. त्याच विष्ठेत कुत्र्याचे केस किंवा डीएनए आहे का, ते बघा. असेल तर अहवालात ‘बिबट्याला लागण’ असं न लिहिता ‘बिबट्याच्या विष्ठेत आढळला, सोबत कुत्र्याचे अवशेष’ असं लिहा.