स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट बसवताय? या चुका टाळा

दुकानात एसीचे स्टार, वॉरंटी आणि हप्ते समजावून सांगतात. आउटडोअर युनिट कुठे आणि कसं टांगायचं, हे मात्र फिटर दारात आल्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये त्याला पुढच्या घरांचे फोन सारखे येत असतात, आणि घाईत गाळलेल्या पायऱ्या पहिले काही महिने कळतही नाहीत. स्वतः बसवायच्या फंदात पडू नका, पण काम चालू असताना जवळ उभे राहा आणि पुढच्या गोष्टींवर नजर ठेवा.

जागा चुकली की एसी आयुष्यभर धापा टाकतो

दीड टनाचा एसी खोलीतली साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसतो. त्यात स्वतः खाल्लेली वीज मिळवून साडेसहा ते सात किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. ही हवा मोकळी जायला हवी. मागे किमान १० ते १५ सेंमी आणि पंख्यासमोर ६० ते ७० सेंमी जागा ठेवा. व्हॉल्व्हच्या बाजूला पाना फिरवता येईल एवढी फट हवीच. नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतात. ते पुस्तक खोक्यासोबत रद्दीत टाकू नका.

मुंबई-ठाण्याच्या इमारतींत सगळ्या मजल्यांची युनिट्स एकाच डक्टमध्ये एकावर एक लटकतात. खालच्याची गरम हवा वरच्याच्या पाठीत शिरते. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, डक्टमध्ये दुपारी त्याहून बरंच जास्त होतं. मग खोली गार होत नाही आणि दोष गॅसवर जातो. दुसरी हौस म्हणजे युनिटला चारी बाजूंनी बॉक्स ग्रिल. कबुतरं थांबवायची असतील तर मोठ्या छिद्रांची जाळी मागच्या बाजूला लावा, पंख्यासमोर नको.

भिंत, ब्रॅकेट आणि हार्नेस

दीड टनाचं आउटडोअर युनिट साधारण २५ ते ३५ किलोचं असतं, शिवाय कंप्रेसरची थरथर. काँक्रीट किंवा घट्ट विटांच्या भिंतीत १० मिमीचे अँकर फास्टनर पुरतात. नव्या टॉवरमधल्या बाहेरच्या भिंती मात्र बऱ्याचदा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर आवळला की ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. त्या दिवशी घट्ट वाटतो आणि थरथरीने सैल पडतो. तिथे ब्रॅकेट बीम किंवा कॉलमला धरा, नाहीतर आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावा, किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा. भोक पाडताना ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर काम थांबवून आधी भिंत कसली आहे ते बघा.

जुन्या इमारतीच्या छज्जावर युनिट ठेवून वर माणूस उभा करणं हा सरळ धोका आहे. छज्जा पावसाला आडोसा म्हणून घातलेला असतो, आणि आतली सळई गंजलेली असली तरी वरून कळत नाही. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्यात रंगवलेलं लोखंडी स्टँड घेऊन पैसे वाचत नाहीत, ते वेल्डिंगच्या जागी आधी गंजतं. गरम जस्ताचा मुलामा दिलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या, आणि नट-बोल्टही त्याच तोडीचे. स्टँड चांगलं आणि बोल्ट साधे, ही जोडी फार दिसते. युनिटच्या पायांखाली रबरी पॅड विसरू नका.

पहिल्या मजल्यापासून वर खिडकीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. कमरेला बांधलेला दोर हार्नेस नव्हे; पडणाऱ्या माणसाचा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. दोराचं दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला किंवा नुकत्याच ठोकलेल्या ब्रॅकेटला कधीच अडकवू नये, ते इमारतीच्या पक्क्या भागाला हवं. खाली दोरी लावून जागा मोकळी करा आणि एक माणूस उभा ठेवा. हार्नेस आणला नसेल तर दुसरा दिवस ठरवा. “आम्ही रोज असंच करतो” हे उत्तर चालवून घेऊ नका.

पाइप आणि व्हॅक्यूम: इथेच सगळ्यात जास्त लबाडी

दीड टनाला बहुतेक ठिकाणी पाव इंची आणि अर्धा इंची तांब्याचे पाइप येतात. पाइप कापल्यावर आतली कड रीमरने साफ करताना तोंड खाली धरावं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे कंप्रेसरपर्यंत जातो. फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, गुळगुळीत, सगळीकडून सारखा आणि चिरा नसलेला हवा. नट आधी हाताने फिरवून बसवावा, मग दोन पाने लावून आवळावा. पाव इंचीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१. ताकद लावून आवळलेला नट फ्लेअरलाच चीर पाडतो, आणि गॅस महिनाभराने जातो.

दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. घरगुती स्प्लिटमध्ये गॅस बाहेरच्या युनिटातच प्रसरण पावतो, त्यामुळे बारीक पाइपही गार होतो; तो उघडा राहिला तर भिंतीला ओल धरते. टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पावसाचं पाणी पदरांत शिरत नाही.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढणं. पंप न लावता युनिटमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ‘उडवून’ देण्याची पद्धत अजून सर्रास चालते. यात गॅस कमी होतोच, शिवाय बाष्प आत राहतं. आताच्या यंत्रांमधलं तेल पाणी पटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. हा कंप्रेसर वर्षा-दोन वर्षांनी जळाला, तर त्या दिवसाची आठवण कोणाला असते? एसीत भरलेल्या गॅसपैकी आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनच, तेव्हा बंद बाल्कनीत गॅस सोडणं वेगळाच खेळ होतो.

पंप किमान १५ ते २० मिनिटं चालवा, पावसाळ्यात जास्त. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) उतरलं पाहिजे, आणि ते साध्या गेजवर कळत नाही, मायक्रॉन गेज लागतो. मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा बघा. वर चढला तर गळती किंवा ओल आहे. त्यानंतरच दोन्ही व्हॉल्व्ह एलन कीने पूर्ण उघडायचे आणि प्रत्येक नटाला साबणाचा फेस लावायचा. गळती दाबाने तपासायची तर नायट्रोजनच वापरा. ऑक्सिजन तेलाला लागला तर स्फोट होतो.

वीज

दीड टनाला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेली एमसीबी. एमसीबी सारखी उडते म्हणून ३२ अँपिअरची बसवणारे वायर जळायची सोय करतात. युनिट लोखंडी ग्रिलला टेकलेलं असेल आणि अर्थिंग नसेल, तर पावसात ग्रिलला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज बाहेर झिरपताच लाइन तोडणारा स्विच) हवी. इनडोअर-आउटडोअरमधल्या वायरीला मध्ये जोड नको. इन्व्हर्टर एसीचं झाकण वीज बंद केल्यावर लगेच उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही मिनिटं टिकतात.

बसवल्यानंतर काय दिसतं, त्याचा अर्थ

बारीक पाइपावर बर्फ: गॅस कमी आहे किंवा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला आहे. आधी व्हॉल्व्ह बघा, गॅस भरायची घाई नको. सुरू होताच कम्युनिकेशनचा एरर: बहुधा वायरींची अदलाबदल. दुपारीच बंद पडतो आणि रात्री छान चालतो: कंडेन्सरला, म्हणजे बाहेरच्या युनिटातल्या उष्णता फेकणाऱ्या जाळीला, हवा मिळत नाही. घरघर: पॅड नाहीत किंवा पाइप पत्र्याला टेकला आहे. गॅस भरायचाच झाला तर आधी गळती शोधून घ्या. मग वजनकाट्यावर मोजून भरू द्या, दाब बघून अंदाजाने नव्हे.

घर बदलताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात. आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, दाब शून्याजवळ येताच जाडा बंद, आणि लगेच एसी बंद. कंप्रेसर चालू असताना पाइप ढिला केला, तर हवा आत खेचली जाते, तेलाच्या वाफेबरोबर दाबली जाते आणि कंप्रेसर फुटू शकतो. गळती होऊन गॅस आधीच गेला असेल, तर हा प्रकार करूच नका. रिकव्हरी मशीन (उरलेला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र) असलेला माणूस बोलवा.