मृग लागण्याआधी घरची गाडी: सीटपासून स्टेपनीपर्यंत

आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे तिघे. नवऱ्याची उंची सहा फूट, माझी पाच फूट एक इंच, आणि मुलीला गेल्या वर्षी लायसन्स मिळालं. एकदा घाईत मी नवऱ्याच्या सीटवर तशीच बसून निघाले. गोव्यातल्या पर्वरीच्या उतारावर पुढची बस थांबली, तेव्हा ब्रेक पूर्ण दाबण्यासाठी मला सीटवरून पुढे घसरावं लागलं. पाठ सुटली, पट्टा सैल झाला, आणि गाडी बसच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर थांबली. आता आमच्याकडे किल्ली फिरवण्याआधी सीट लागते. दोन मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

क्रम असा ठेवा. आधी चप्पल. सैल स्लीपर पायात असेल तर काढून मागे ठेवा. पुढे पेडलजवळ ठेवली तर ती ब्रेकखाली जाते. मग नितंब सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत टेकवून बसा. क्लच, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक, तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. आता खांदे सीटच्या पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं तर पाठीचा कोन बरोबर आहे. स्टिअरिंगचा मध्य आणि छाती यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते आणि तिला तेवढी जागा लागते. कमी उंचीच्या माणसाने पुढे सरकून बसण्याऐवजी सीटची उंची वाढवावी आणि पाठ थोडी मागे झुकवावी.

डोक्यामागच्या उशीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवी, मानेला नव्हे. मागून धक्का बसला की मान मागे फेकली जाते. उशी खाली असेल तर मान तिच्यावरून मागे मोडते.

आरसे सीटनंतर लावा, कारण सीट हलली की आरशातलं चित्र बदलतं. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची बाजू अगदी कडेला, बोटभर दिसली तर पुरे. जास्त दिसत असेल तर आरसा बाहेर वळवा. एवढं करूनही मागच्या कोपऱ्याचा एक तुकडा आरशात येत नाही आणि गोव्यात त्या तुकड्यात हमखास दुचाकी असते. म्हणून वळण्याआधी मान वळवून एकदा बघायचंच.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून जावा. मागच्या सीटवरच्या माणसांनाही पट्टा बंधनकारक आहे. आमचे सासरे बरेच दिवस "मागे काय होतं?" म्हणायचे. गाडी थांबली तरी मागचा माणूस त्याच वेगाने पुढे येतो आणि पुढच्याच्या पाठीवर आदळतो, हे नीट सांगितल्यावर आता ते स्वतः लावतात.

लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणं मात्र कुठल्याच कारणासाठी नको. कितीही घट्ट धरलं तरी धडकेत मूल हातातून सुटतं, आणि एअरबॅग त्याच्यावरच फुटते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लागते, नाहीतर १,००० रुपये दंड. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर आणि तोंड मागे करून बसवावी. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलंय ना, तेही हातासरशी बघा.

मे महिन्यातला एक रविवार

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, तेव्हा गॅरेजवाल्यांकडे रांगा लागलेल्या असतात. म्हणून मेच्या मध्यावर एक सकाळ गाडीसाठी काढा.

सुरुवात टायरपासून. हवा किती हवी हे टायरवर वाचू नका, तिथला आकडा कमाल मर्यादेचा असतो. चालकाचं दार उघडल्यावर खांबावर एक स्टिकर दिसतो, त्यावर दोन आकडे असतात: कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाच माणसं, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं, सामान आणि डिकीभर पिशव्या घेऊन मूळ घरी निघताना दुसरा आकडा लागतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो. तो पाहून हवा काढली तर थंड झाल्यावर टायर बसलेला असतो.

मग खाचा. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. तो १.६ मिलिमीटरचा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की टायर संपला. माझं मत विचाराल तर आपल्या पावसासाठी तेवढी वाट बघूच नये. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगते. टायरवर चार आकड्यांचा एक कोडही असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या घरच्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. कडेला बारीक चिरा दिसल्या तर खाचा कितीही खोल असोत, बदला. स्टेपनीची हवाही याच वेळी बघा.

वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. काचेवर पाण्याच्या रेघा राहत असतील किंवा करकर आवाज येत असेल तर नवीन घाला. आम्ही दर वर्षी बदलतो.

यानंतरचं काम गॅरेजमध्ये क्वचितच कुणी सांगेल. बॉनेट उघडा आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली असलेली जाळी बघा. आमची गाडी फणसाच्या झाडाखाली उभी असते. तीन वर्षांपूर्वी जुलैत डाव्या बाजूची मॅट ओली लागायची आणि गाडीत कुबट वास सुटला होता. आधी दाराच्या रबराला दोष दिला, मग एसीला. शेवटी मेकॅनिकने ती जाळी काढली तर खाली पानांचा कुजलेला लगदा. पाणी जायची भोकं बुजली होती आणि पाऊस एसीच्या वाटेने आत उतरत होता. आता पाऊसभर दर पंधरा दिवसांनी पानं उचलायची. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात. ती तांबड्या मातीने भरली की दार आतून गंजतं. एखाद्या काडीने मोकळी करा. समुद्राजवळ राहत असाल तर महिन्यातून एकदा गाडीच्या खालून साध्या पाण्याचा फवारा मारून घ्या, खारा वारा पत्रा तळापासून खातो.

बॉनेट उघडलंच आहे तर ऑइलची काडी काढा. इंजिन बंद करून काही मिनिटं गेलेली हवीत आणि गाडी सपाट जागेवर. काडी पुसून परत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी टाकीच्या बाहेरूनच दिसते. इंजिन तापलेलं असताना ते झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. तार काढताना आधी ऋण टोक, जोडताना आधी धन टोक.

ब्रेक स्वतः उघडू नका. गॅरेजमध्ये मात्र दोन गोष्टी मुद्दाम विचारा: पॅड किती उरलेत, आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे ओलावा भरपूर. पाणी मिसळलेलं तेल घाटात तापून उकळतं आणि पेडल रिकामं खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

पाऊस, घाट, फेरी

पाऊस सुरू झाला की दिवसाही हेडलाइट लावा, डिपरवर, म्हणजे झोत खाली. चारही इंडिकेटर चमकवत चालणारे बरेच भेटतात. तसं करू नका, तुम्ही वळणार आहात की थांबलात ते मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर कपड्याने पुसत बसू नका. एसी चालू करा, हवा काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. एसी हवेतला ओलावा काढतो.

पहिल्या एक-दोन सरींचा रस्ता सर्वांत निसरडा, कारण वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते. रात्री गुरं कोरडी जागा शोधत डांबरावर बसतात. काळी म्हैस ओल्या काळ्या रस्त्यावर वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, तेव्हा वेग लाइटच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच. एकदम ब्रेक मारावा लागला आणि गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय, असेल (एप्रिल २०१९ पासूनच्या सर्व नव्या मोटारींत असतं), तर पेडल पायाखाली थरथरेल. घाबरून पाय उचलू नका. दाबून धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा.

साचलेल्या पाण्यात उतरण्याआधी थांबा. वाळवंटी नदी फुगली की साखळीची बाजारपेठ, आणि पणजीत अठरा जून रस्ता, दोन्हीकडे पाण्याखालचा खड्डा वरून दिसत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर मागे वळा. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या सावकाश वेगाने, मध्ये न थांबता. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दबत नाही, आणि त्या एका किल्लीत इंजिनाचे दांडे वाकतात. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिक बोलवा. पाण्यातून नीट बाहेर आलात तर थोडं अंतर हळू जाऊन ब्रेक हलकेच दाबत राहा, म्हणजे ते सुकतात.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना सोपी खूण: जो गिअर चढायला लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी अडवून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवायचा विचार जीवावर बेततो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

चोडण किंवा दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर गाडी चढवण्याआधी घरच्यांना खाली उतरवा, त्यांना चालत येऊ द्या. ओल्या उतारावर पहिला गिअर, काचा उघड्या, दारं लॉक नाहीत. फेरीत गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण वर आणि गाडी पहिल्या गिअरमध्येच. घरी मात्र पावसात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि माडाखाली उभी करू नका.

पंक्चर झालं तर

आधी गाडी वळणापासून दूर, सपाट आणि घट्ट जागेवर घ्या, थोडं चाक खराब झालं तरी चालेल. आता मात्र चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या कडेला उभं करा, लाल त्रिकोण मागे ५० पावलांवर ठेवा. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करा. जॅक फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेतच लावायचा, मातीत रुतत असेल तर खाली फळी. उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका. नवीन चाक बसवून नट हाताने फिरवा, गाडी खाली घ्या, मग पान्ह्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. ५० किलोमीटरनंतर तेच नट पुन्हा एकदा तपासा. पंक्चरचं चाक त्याच दिवशी दुरुस्तीला टाका. चवथीच्या दोन-तीन दिवसांत पंक्चरवाला शोधून सापडत नाही.