विनोदी पॉडकास्टवर मत कसे बनवावे आणि कसे लिहावे

विनोदी पॉडकास्टच्या एखाद्या भागाबद्दल विचारले, की बहुतेक श्रोते हसू आले किंवा आले नाही एवढेच सांगतात. हे उत्तर प्रामाणिक असते. पण ज्याने तो भाग अजून ऐकलेला नाही त्याच्या ते फारसे कामाचे नसते, कारण हसू हा परिणाम आहे आणि वाचणाऱ्याला हवे असते ते कारण. तासाभराच्या गप्पांमागे सूत्रसंचालक, पाहुणा, कार्यक्रमाची ठरलेली रचना आणि नंतर झालेले संकलन असे निदान चार हात असतात. भट्टी जमली तर ती कोणामुळे जमली आणि बिघडली तर नेमकी कुठे बिघडली, हे ज्याला वेगळे काढता येते त्याचे मत वाचण्याजोगे होते.

सुरुवात ॲपच्या सेटिंगपासून करावी. पुष्कळ जण पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतात. माहितीपर कार्यक्रमाला ते चालून जाते, विनोदाला मात्र ते मारक ठरते. त्याहून लबाड सोय आहे ती शांत जागा आखडण्याची. ओव्हरकास्ट या ॲपमध्ये ती ‘स्मार्ट स्पीड’ या नावाने आणि पॉकेट कास्ट्समध्ये ‘ट्रिम सायलेन्स’ या नावाने मिळते, आणि एकदा चालू केली की ती चालू आहे हेच आपण विसरतो. दहा भाषांमधील संभाषणांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले होते. एवढ्या चपळ देवाणघेवाणीला सरावलेल्या कानाला एका सेकंदाची शांतता चांगलीच बोचते, आणि गंभीर चेहऱ्याने विनोद करणारा कलाकार नेमक्या त्याच शांततेवर जगतो. ती ॲपने कापून टाकली, की चांगला विनोदही पाठ केल्यासारखा ऐकू येतो आणि दोष विनाकारण कलाकाराच्या माथी बसतो. म्हणून ज्या भागावर मत द्यायचे आहे तो मूळ वेगाने आणि ही सोय बंद ठेवूनच ऐकावा.

त्यानंतर कार्यक्रमाची जात ओळखावी, कारण सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की अन्याय होतो. मार्क मॅरन यांचा ‘डब्ल्यूटीएफ’ २००९ साली सुरू झाला आणि २०२५ मध्ये थांबला. तो मुख्यतः दीर्घ मुलाखतींचा कार्यक्रम होता आणि त्यात वीस-वीस मिनिटे हशा नसला तरी भाग फसला असे म्हणता येत नव्हते. स्कॉट ऑकरमन यांचा ‘कॉमेडी बँग! बँग!’ही २००९चाच, पण त्यात पाहुणे म्हणून आलेले विनोदी कलाकार काल्पनिक पात्रे होऊन बोलतात आणि सगळे तिथल्या तिथे रचले जाते. तिथे सूत्रसंचालकाने पात्राला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारले नाहीत तर पुढे काही घडतच नाही. ‘ऑफ मेन्यू’मध्ये एड गॅम्बल आणि जेम्स एकास्टर पाहुण्याला एका काल्पनिक उपाहारगृहात बसवून त्याच्या स्वप्नातले जेवण विचारतात, आणि त्या भागासाठी ठरवलेला गुप्त पदार्थ पाहुण्याच्या तोंडून निघाला तर त्याला हाकलून देण्याचा नियम आहे. अशी घट्ट चौकट लाजऱ्या पाहुण्यालाही तारून नेते, कारण पुढे काय बोलायचे याची चिंता त्याला उरत नाही. उलट ‘स्मार्टलेस’मध्ये जेसन बेटमन, शॉन हेज आणि विल आर्नेट या तिघांपैकी एक जण पाहुणा आणतो आणि उरलेल्या दोघांना तो कोण आहे हे आधी माहीत नसते, त्या दोघांची तयारी नसणे हा तिथे दोष धरता येत नाही, तोच खेळ आहे. मत लिहिताना ही रचना एका वाक्यात सांगितली, की वाचणारा पुढचे सगळे त्या हिशेबाने वाचतो.

आता सूत्रसंचालक. माझ्या मते त्याची खरी परीक्षा पहिल्या प्रश्नात होत नाही, कारण पहिला प्रश्न संशोधन करणाऱ्या सहायकाने लिहून दिलेला असू शकतो. ती होते पाहुण्याच्या उत्तरानंतर तो जे वाक्य बोलतो त्यात. समजा, पाहुणी म्हणाली, “त्या कार्यक्रमानंतर मी दोन वर्षे मंचावर गेलेच नाही.” एक सूत्रसंचालक लगेच म्हणेल, “माझेही एकदा असेच झाले होते,” आणि पुढची चार मिनिटे स्वतःची गोष्ट सांगेल. दुसरा म्हणेल, “वा, आणि आता तुमचा नवा दौरा सुरू होतो आहे!” म्हणजे त्याने उत्तर ऐकलेच नाही, तो यादीवरून पुढे सरकला. तिसरा फक्त विचारेल, “दोन वर्षे?” आणि गप्प बसेल. त्या एका शब्दानंतर पाहुणीने जे सांगितले ते भागातले सर्वांत चांगले किंवा सर्वांत हसवणारे असण्याची शक्यता असते, आणि त्याचे श्रेय निम्मे त्या गप्प बसण्याला आहे. ऐकताना अशा दोन-तीन जागा टिपून ठेवल्या, तर सूत्रसंचालकाबद्दल बोलायला ठोस आधार मिळतो. स्वतःची गोष्ट सांगणे सरसकट वाईट असते असेही नाही. मॅरन स्वतःबद्दल भरपूर बोलत. प्रश्न एवढाच, की त्या बोलण्याने पाहुणा मोकळा होतो की त्याची बोळवण होते. २०१५ साली बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी असताना लॉस एंजेलिसमधल्या मॅरन यांच्या गॅरेजमध्ये येऊन बोलले, तेव्हा पाहुण्याच्या पदाचे दडपण असूनही गप्पांचा सूर घरगुती राहिला. एवढ्या मोठ्या पाहुण्यासमोर सूत्रसंचालक आपली नेहमीची लकब टिकवतो की आदबीने आखडतो, हे पाहणे नेहमीच उद्बोधक असते.

सूत्रसंचालकाच्या हसण्यावर मात्र फार विसंबू नये. हास्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले होते, की माणसे एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसतात, ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसतो आणि हशाच्या आधी उच्चारलेली बहुतेक वाक्ये विनोदी नसतातच. म्हणजे स्टुडिओतला हशा हा बऱ्याचदा सौजन्याचा आणि सोबतीचा असतो, तर आपण कानात हेडफोन घालून एकटे बसलेलो असतो. ते खो-खो हसत आहेत आणि आपल्याला काहीच होत नाही, हा अनुभव त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे, आणि तेवढ्यावरून ‘खोटे हसतात’ असा आरोप करणे घाईचे ठरेल. दोष कुठे धरावा? हसण्यामुळे पुढचा प्रश्न टळत असेल, किंवा प्रत्येक वाक्यावर तेवढाच मोठा हशा पडल्याने खरा विनोद कोणता हे कळेनासे झाले असेल, तिथे. प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेल्या भागांचे गणित आणखी वेगळे असते. तिथे कलाकार सभागृहासाठी खेळतात आणि घरी ऐकणारा थोडा बाहेरच राहतो, म्हणून एखाद्या कार्यक्रमाची ओळख लाइव्ह भागाने करून घेऊ नये.

पाहुण्याबद्दल मत देताना एक पथ्य पाळावे: त्याला निदान आणखी एका कार्यक्रमात ऐकावे. चित्रपट, पुस्तक किंवा दौरा जवळ आला की कलाकार एकामागून एक पॉडकास्ट करतात आणि तेच तीन किस्से सगळीकडे सांगतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो हजरजबाबीपणा वाटतो, तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला घोटून बसवलेला मजकूर. घोटलेला किस्सा कमी दर्जाचा असतो असे मी म्हणणार नाही, रंगमंचावरचा विनोदही घोटलेलाच असतो. परंतु ज्या सूत्रसंचालकाने पाहुण्याला त्या तीन किश्शांच्या बाहेर काढले त्याचे काम किती अवघड होते, हे अशा तुलनेशिवाय कळत नाही. त्याचप्रमाणे कमी बोलणारा पाहुणा आणि वाईट पाहुणा यांत गल्लत करू नये. दोन सूत्रसंचालक एकमेकांची री ओढण्यात रंगले असतील तर तिसऱ्याला शिरकावच मिळत नाही. अशा भागात पाहुण्याचे वाक्य किती वेळा अर्ध्यावर तोडले गेले याकडे कान ठेवावा.

आणखी एका आवाजाकडे श्रोत्यांचे दुर्लक्ष होते, तो म्हणजे बाजूला बसलेल्या सहकाऱ्याचा. २००५च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘द रिकी जर्वेस शो’मध्ये नाव जर्वेस यांचे होते आणि सोबत स्टीफन मर्चंट होते, पण आधी त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता असलेला कार्ल पिल्किंग्टन आणि त्याचे तिरपागडे तर्क हाच कार्यक्रमाचा कणा झाला. कोनन ओब्रायन यांच्या २०१८पासूनच्या पॉडकास्टमध्ये त्यांची सहायक सोना मोवसेसियन आणि निर्माता मॅट गोर्ली हे दोघे त्यांची खिल्ली उडवतात, आणि पाहुणा येण्यापूर्वीचा आणि गेल्यानंतरचा तो भाग मला पुष्कळदा मुलाखतीपेक्षा सरस वाटतो. नामवंत यजमानाला कोणी खाली खेचणारे असले की त्याचा मोठेपणा श्रोत्याला जाचत नाही. म्हणून मत नोंदवताना या माणसांची नावे घ्यावीत.

संकलनाबद्दल थोडक्यात. लोक वेगवेगळ्या ठिकाणांहून इंटरनेटद्वारे बोलत असतील तर आवाज पोहोचायला किंचित उशीर होतो, दोघे एकदम बोलतात, मग दोघे एकदम थांबतात. चांगला संकलक प्रत्येकाचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण जुळवून हे अडखळणे बरेचसे झाकतो. जाहिरात विनोदाच्या मधोमध आदळली तर तो बहुधा सूत्रसंचालकाचा दोष नसतो, कारण पुष्कळ जाहिराती नंतर यंत्रणेमार्फत घातल्या जातात. सूत्रसंचालकाने स्वतः वाचलेली आणि वाचता वाचता भरकटवलेली जाहिरात मात्र कार्यक्रमाचाच भाग समजावी. कार्यक्रमाची दृश्य आवृत्ती असेल तर आपण पाहिले की नुसते ऐकले हेही सांगावे; चेहऱ्यावरचा विनोद कानाला दिसत नाही.

एका भागावरून संपूर्ण कार्यक्रमावर निकाल देणे टाळावे. एक ताजा भाग, एक जुन्या श्रोत्यांनी वाखाणलेला आणि एक असा, ज्यातला पाहुणा आपल्याला अजिबात माहीत नाही, एवढे तरी ऐकावेत. यांतला तिसरा सर्वांत बोलका असतो, कारण आवडत्या कलाकाराबद्दलचे प्रेम तिथे मदतीला येत नाही. जुन्या कार्यक्रमात अंतर्गत विनोद साचलेले असतात. ते समजले नाहीत तर ‘मला संदर्भ लागला नाही’ असे लिहावे, ‘विनोद नव्हता’ असे लिहू नये.

प्रत्यक्ष लिहिताना विनोद जसाच्या तसा उतरवण्याचा मोह आवरावा. कागदावर तो मरतो, आणि वाचणाऱ्याची पहिल्यांदा ऐकण्याची गंमतही जाते. त्याऐवजी प्रसंग कसा रचला गेला ते सांगावे आणि जागा दाखवावी. ती दाखवताना ‘४२व्या मिनिटाला’ असे लिहून भागत नाही. नंतर घातलेल्या जाहिराती प्रत्येक श्रोत्याकडे कमी-अधिक लांबीच्या असू शकतात, त्यामुळे तुमचे ४२वे मिनिट दुसऱ्याकडे ४४वे असेल. ‘शाळेचा विषय निघतो त्यानंतर लगेच’ अशी खूण अधिक भरवशाची ठरते.

आवाजावर टीका करण्यापूर्वी मात्र दोनदा विचार करावा. ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमात २०१५ साली हा विषय आला होता: तरुण वार्ताहर स्त्रियांच्या खरखरीत आवाजाबद्दल श्रोत्यांची चिडकी पत्रे येत होती, आणि तशीच खरखर ज्यांच्या स्वतःच्या आवाजात होती त्या सूत्रसंचालक आयरा ग्लास यांच्याबद्दल तशी पत्रे येत नव्हती. विनोदी कार्यक्रमांतल्या स्त्रियांच्या हसण्यावरही असेच शेरे पडतात. मायक्रोफोन जवळ धरल्याने कानठळ्या बसत असतील तर ती तक्रार रास्त आहे. ‘हिचे हसणे डोक्यात जाते’ या वाक्यातून भागाबद्दल काहीच कळत नाही.

काही महिन्यांनी तोच भाग पुन्हा ऐकून मत बदलले तर जुना मजकूर पुसू नये. त्याखाली तारीख घालून नवे मत लिहावे आणि या वेळी वेगळे काय ऐकू आले ते नमूद करावे.