गच्चीची गळती: आधी शोधा, मग केमिकल आणा

छताला डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असतं, हा समज सगळ्यात महागात पडतो. नाशिकमधल्या बऱ्याच बंगल्यांच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, असतो. पाणी कोब्याच्या एखाद्या भेगेतून आत शिरतं, कोबा आणि स्लॅबच्या मध्ये पसरतं आणि वाट मिळेल तिथून खाली उतरतं. बहुतेक वेळा ती वाट पंख्याच्या हुकाशी किंवा वायरिंगच्या पाईपमध्ये सापडते. शिरण्याची आणि टपकण्याची जागा यांत 10 फुटांचं अंतरही असू शकतं. त्यामुळे शोधण्यात गेलेले चार दिवस वाया जात नाहीत.

सुरुवातीला पाणी पावसाचंच आहे का, ते ठरवा. डाग एप्रिलमध्येही ओला असेल तर संशय टाकीवर, सोलर हीटरच्या लाइनवर किंवा वरच्या बाथरूमवर जातो. रात्री टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून पातळीला खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती टाकीत किंवा व्हॉल्व्हच्या आधीच्या जोडात आहे. उतरली नसेल तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून घरातले सगळे नळ बंद ठेवा. आता पातळी उतरली तर दोष पाईपलाइनमध्ये.

डाग भिंतीच्या वरच्या भागात आणि फक्त वाऱ्याच्या पावसात येत असेल, तर गच्चीचा दोष नसण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात इथे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची भिंत बाहेरून पाहा आणि बीम व विटकाम जिथे मिळतं, त्या आडव्या रेषेत केसाएवढी भेग शोधा. ती तशीच राहिली तर गच्चीला कितीही कोट मारले तरी घर गळणारच.

आता गच्ची. झाडून, धुऊन घ्या आणि पाणी सुकताना बघत राहा. बाकीची गच्ची कोरडी झाल्यावरही ज्या भेगा ओल्या, काळ्या दिसतात, त्या खोल आहेत. त्यांना खडूने खूण करा. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर वाटा सुटलाय का, पाण्याच्या पाईपच्या तोंडाभोवती फट आहे का, सोलरच्या स्टँडचे किंवा डिश अँटेनाचे बोल्ट कोब्यात ठोकलेत का, हे पाहा. बोल्टची भोकं हा फार दुर्लक्षित दोष आहे. या पाईपच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला मांजा, पतंगाचे कागद आणि पालापाचोळा काढा. काही गच्च्यांना याहून जास्त काही लागतच नाही.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर पाणी भरून चाचणी घ्या. गच्चीचे तीन-चार भाग करा, माती किंवा कमी सिमेंटच्या मालाचे 3 इंची बांध घाला आणि पाईपचं तोंड बंद करा. उताराच्या खालच्या भागापासून सुरू करा. त्या भागात 1 ते 2 इंच पाणी भरून 48 तास ठेवा, खाली डाग वाढतो का पाहा, मगच पुढचा भाग भरा. सगळं एकदम भरलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. 100 चौरस फुटांवर 2 इंच पाणी म्हणजे सुमारे 470 किलो वजन. खालून सळया उघड्या पडलेल्या किंवा प्लास्टर फुगलेल्या जुन्या स्लॅबवर ही चाचणी करू नका. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

दुरुस्ती मार्च ते मे महिन्यात, मृग लागण्याआधी संपवा. भेग नुसती वरून लिंपू नका. ग्राइंडरने व्ही आकारात साधारण 10 मिलिमीटर रुंद-खोल कापा, धूळ काढा. 5 मिलिमीटरपर्यंतच्या मूळ भेगेला क्रॅक फिलर पेस्ट चालते. त्याहून मोठ्या भेगेला पॉलिमर मॉर्टर वापरा: 1 किलो सिमेंट, 3 किलो चाळलेली वाळू, 200 मिली एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रव) आणि घट्ट माल होईल इतकंच पाणी. त्याआधी लॅटेक्स आणि सिमेंटची पातळ लापशी ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच माल भरा. लापशी सुकली तर पकड जाते. सुटलेला वाटा पूर्ण फोडून याच मालाने 3 बाय 3 इंचांचा नव्याने करा. बोल्ट काढून भोकंही अशीच भरा आणि स्टँड कोबा न फोडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवा.

माल दोन-तीन दिवस ओला ठेवा आणि आठवडाभर सुकू द्या. मग दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप लावून रात्रभर गच्चीवर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर वॉटरप्रूफ कोटिंग मारायला थांबा. ओल्या कोब्यावर मारलेलं अॅक्रिलिक कोटिंग उन्हात आतल्या वाफेमुळे फुगून सुटतं, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढलंच पाहिजे.

पहिला हात डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करून मारा. पुढचा हात घट्ट. भेगांवर आणि वाट्यावर तो ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवा. पुढचा हात आधीच्याला आडवा मारा आणि कोटिंग कठड्यावर 1 फूट चढवा. मेमध्ये दुपारची गच्ची चटका बसण्याइतकी तापते. तेव्हा कोट वरून झटकन सुकतो आणि नीट पसरत नाही, म्हणून काम सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर करा. डब्यावर जेवढं क्षेत्रफळ दिलंय त्याहून जास्त ओढू नका. पातळ थर उन्हाळ्यातलं प्रसरण आणि थंडीतलं आकुंचन फार वर्षं झेलत नाही. त्यावर नंतर कुरडया-पापड वाळत घालायचे तर खाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा.

पत्र्याचं काम वेगळं. गळती बहुतेक स्क्रूच्या सुकलेल्या वॉशरमधून होते. स्क्रू नालीत मारलेला असेल तर काढून ते भोक बंद करा आणि नवा उंचवट्यावर, रबर वॉशरसह मारा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला न्यूट्रल सिलिकॉनच लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा गंजवतं. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, आधारावर आडवी फळी टाका.

जुलैत गळायला लागलं तर घाईने कोटिंग करू नका. पंखा किंवा दिव्याजवळ पाणी असेल तर आधी त्या भागाचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, बंद करा. रंग फुगून पाणी साठलं असेल तर खाली बादली ठेवून फुगा सुईने फोडा. वर ताडपत्री कठड्यापलीकडे घेऊन वजनाने दाबा. कोब्यात खिळे ठोकू नका. खालून पुट्टी मारून तोंड बंद केलं तर पाणी स्लॅबमध्येच राहतं आणि सळया गंजतात.

काम कंत्राटदाराला दिलंत तर कोट किती, जाळी कुठे आणि कोटिंग पूर्ण सुकल्यावर 48 तासांची पाण्याची चाचणी, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्या.